निल्सची खांदशेकणी

भैयाजीचा जवाई स्वीडनचा आहे, हे ब्रह्मपुरीकडच्या गावांत आता कुणाला सांगावं लागत नाही. भैयाजीनं ते आधीच सांगून ठेवलं आहे. बसमध्ये सांगितलं, धानाच्या गिरणीवर सांगितलं, एकदा तर कुणाच्या मयतीला गेला आणि तिथंही सांगून आला. जवाई बर्फावर हॉकी खेळतो आणि खेळायचा पगार घेतो. आता ज्या माणसांनी बर्फ पाहिला तो लग्नातल्या पाण्याच्या पिंपात, त्यांनी यावर काय बोलावं? पण भैयाजी स्वतः एके काळचा शंकरपटातला, म्हणजे बैलांच्या शर्यतीतला, नामी धुरकरी. पटाच्या बैलांमागं छकड्यावर बसून त्यानं मोठमोठ्यांना धूळ चारलेली. त्याच्या तोंडी कोण लागतो!

यंदा पोळ्याला पोरगी दिव्यानी नवऱ्याला घेऊन आली. जवाईचं नाव निल्स. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याचा निलेश केला. सरपंच हेमराजनं बसथांब्यावर फ्लेक्स लावला, त्यात निल्सच्या चेहऱ्याखाली हिरवं मैदान आणि गवतावरच्या हॉकीची काठी. "बर्फावाला फोटो भेटला नाई, भाऊ," हेमराज म्हणाला. पोळा फुटला की तोरणाखालीच जवाईबापूंचा सत्कार, शाल-श्रीफळ आणि भैयाजीचे दोन शब्द, असं ठरलं. भैयाजी आठ दिवसांपासून ते दोन शब्द पाठ करत होता आणि ते पाचशेच्या वर गेले होते.

जवाई मात्र काही त्या फ्लेक्ससारखा दिसत नव्हता. उंची दारात न मावणारी, समोरचे दोन दात नकली, नाक दोनदा मोडून बसवलेलं. दुपारी ऊन पडलं की तो खोलीत अंधार करून पडायचा. सासू मनकर्णाला वाटायचं, आपलं तिखट बाधलं बिचाऱ्याला. एकदा भैयाजीनं त्याला दावणीची गाठ शिकवली. निल्सनं ती चारदा मारून दाखवली, हसला. दुसऱ्या दिवशी तोच दोर हातात घेऊन तो उभाच राहिला. भैयाजीनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग बैलाकडं पाहिलं. म्हणाला, चालते, परदेशी माणूस हाय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या सकाळी, निल्सचा फोन वाजला. तो अंगणात फिरत फिरत बराच वेळ बोलला. दिव्यानी चुलीजवळ बसून ऐकत होती आणि तिची तव्यावरची पोळी करपली.

"कोणाचा फोन होता वं?" भैयाजीनं विचारलं.

"एका क्लबाचा. त्यायच्या एका खेळाडूचा पाय मोडला. एक वर्षासाठी याले बोलावून राह्यले. उद्या सकाळी नागपूरले निघा लागते, नाई त दुसऱ्याले घेतीन म्हणते."

"मंग जाऊ दे न त्याले. पोळा काय, पुढच्या सालीबी येते." भैयाजीला आनंद लपवता आला नाही. क्लबानं पोळ्याच्या दिवशी बोलावलं, हे भाषणात किती शोभलं असतं.

"बाबा," दिव्यानी तवा उतरवत म्हणाली, "तिकडं सराव याच महिन्यात सुरू होते. हा इथी हाय, म्हंजे त्याले कोणी घेतलं नाई. तुमाले समजलं नाई काय?"

नव्हतं समजलं. भैयाजीला वाटत होतं, जवाई आपल्या गावच्या पोळ्यासाठी रजा काढून आला.

मग दिव्यानीनं सगळं सांगितलं. निल्स चालायला लागला तसा गोठलेल्या तळ्यावर खेळायला लागला. विशीत वरच्या लीगमध्ये गेला. एकदा अमेरिकेच्या संघानंही बोलावून घेतलं, पण एकही सामना न देता परत धाडलं. तिथून उतरण. दर दोन वर्षांनी नवं गाव, नवा क्लब, अर्धं आयुष्य रात्रीच्या बसमध्ये. त्याचं काम गोल करायचं नव्हतंच. समोरचा दगडासारखी चकती मारतो, तिच्या आड अंग घालायचं आणि धावत येणाऱ्याला अंगावर घ्यायचं, हे त्याचं काम. उजवा खांदा किती वेळा निखळला, त्याला स्वतःला आठवत नाही.

"खांद्याचं जाऊ द्या. मार डोक्याले हाय. डॉक्टर म्हणते, आता एक टोला बसला त हा मले ओयखीन का नाई, त्याचा भरोसा नाई. मी नको म्हटलं, त तो म्हणते, मले दुसरं काई येत नाई." ती रडली नाही. रडून झालं असावं. "तुमी तरी सांगा त्याले. तुमचं ऐकते तो."

खरं सांगायचं तर भैयाजीला राग आला होता. पोरीचा नाही, त्या क्लबाचा नाही. आपल्या पाचशे शब्दांचं आता काय करायचं, याचा. आणि असा राग आल्याची लाज वाटून तो दिवसभर बांधावर जाऊन बसला. रोवणे झालेले, धान हिरवंगार, करायला काहीच काम नव्हतं.

संध्याकाळी मनकर्णानं वाटीत लोणी कढवून त्यात हळद टाकली आणि पळसाची पानं आणली. सालभर ज्या खांद्यांनी जू ओढलं, ते खांदे पोळ्याच्या आदल्या सांजेला शेकायचे, ही रीत. एकदा खांद शेकली की उद्या त्या बैलाच्या मानेवर जू नाही. मग कुणाचं कितीही काम अडो.

भैयाजीनं आधी कामाच्या जोडीची खांद शेकली. मग म्हाताऱ्या मोऱ्याकडं वळला. मोऱ्या त्याचा पटाचा बैल. ऐन भरात असताना एका सालच्या खांदशेकणीला कोमट पान लागलं आणि मोऱ्याच्या खांद्याचं मांस हाताखाली थरथरलं. जखम नाही, सूज नाही, बैल खायला-प्यायला ठीक. पण भैयाजीनं पुन्हा त्याला पटावर नेलं नाही. लोकांनी वेड्यात काढलं होतं. पटातून उतरलेल्या बैलाला बाजार दाखवायचा असतो, दावणीला बांधून पोसायचा नसतो.

निल्स जवळच उकिडवा बसून पाहत होता. मोऱ्याचं झालं तसं त्यानं सदऱ्याची गुंडी काढली, उजवा खांदा उघडा केला आणि त्यावर थाप मारून हसला. मलाही, असं.

मनकर्णा तोंडाला पदर लावून हसली. "शेका शेका, जवाईबापूनंबी लय ओढलं असंन."

भैयाजीनं पान वाटीत बुडवलं आणि त्या गोऱ्या, टाके पडलेल्या खांद्यावर ठेवलं. पानाखाली हाड जागेवर नव्हतं. हाड बिचारं कुठंही असो, पण ते मांस थरथरलं. तस्संच. निल्स हसतच होता आणि त्याच्या खांद्याला ते ठाऊक नव्हतं.

आता पुढचे, बैलाला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचे शब्द म्हणायचे असतात. भैयाजी थांबला. म्हटले तर रीत पुरी झाली, न म्हटले तर ही नुसती गंमत राहते आणि सकाळी गाडी नागपूरला जाते. उद्या तोरणाखाली उभं राहून काय सांगायचं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलायचं, आलंच.

"आज आवतन घ्या," तो हळू म्हणाला, "उद्या जेवाले या."

मनकर्णाचं हसू थांबलं. निल्सनं बायकोकडं पाहिलं. दिव्यानीनं त्याच्या भाषेत सांगितलं, आवतनाचं सांगितलं, जू न ठेवण्याचं सांगितलं. निल्सनं काहीतरी विचारलं.

"तो म्हणते, खांद शेकल्यावरबी कोणी जुंपलं तर?"

"असा माणूस आपल्या गावात नाई म्हणावं त्याले," भैयाजी म्हणाला.

निल्स बराच वेळ मोऱ्याकडं पाहत बसला. त्याच्या खांद्यावरून हळद ओघळून कोपरापर्यंत आली, ती त्यानं पुसली नाही.

सकाळी नागपूरची गाडी दाराशी आली आणि रिकामी परत गेली. निल्सनं फोनवर दोनच वाक्यं बोलून तो दिव्यानीच्या हातात दिला, आणि न्हाणीत जाऊन आतून कडी लावली. लवकर बाहेर आला नाही. त्याला कुणी हाक मारली नाही.

दुपारी तोरणाखाली बैलांची रांग लागली. मोऱ्याचा कासरा निल्सनं धरला होता. गाठ भैयाजीनं मारून दिली होती. हेमराजनं माइक हातात घेतला, शाल सारखी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सांगा भैयाजीभाऊ, जवाईबापू आता कवा चालले खेळाले?"

भैयाजीनं माइक घेतला. पाठ केलेलं सगळं आठवत होतं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं पाहत होतं.

"नाई जात," तो म्हणाला. "काल खांद शेकली त्यायची."

पलीकडच्या बैलाजवळचा पोचू म्हातारा दोन पावलं मागं सरला आणि निल्सला सावलीत जागा करून दिली.