गाडी झोपवताना

लिनव्हलने नळीचं एक टोक पेट्रोलच्या टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून जोरात ओढलं आणि डब्यात धार लागल्यावर तोंड वाकडं करून थुंकला. त्याची बायको व्हिनेट पायरीवर कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधत बसली होती. तिचे हात थांबले.

"पेट्रोल का काढतोयस?"

"पडून पडून खराब होतं ते."

"दरवर्षी तर टाकी काठोकाठ भरतोस. रिकामी ठेवली तर आतून गंजते, असं सगळ्या गावाला सांगत असतोस."

"सांगत होतो. आता नाही सांगत," तो म्हणाला आणि पुन्हा थुंकला.

एप्रिल आला की आमच्या बेटावरच्या या बेल्सफील्ड गावातले निम्मे पुरुष कॅनडाला शेतांवर जातात आणि तिकडची सफरचंदं उतरली की परततात. ज्याच्याकडे गाडी असेल तो जायच्या आधी ती झोपवतो. जॅकने उचलायची, लाकडाच्या ठोकळ्यांवर बसवायची, वर ताडपत्री बांधायची. अंगणात ठोकळ्यांवर गाडी दिसली की जाणारा-येणारा समजतो, घरधनी कॅनडात आहे, येईल. बायका तोवर टॅक्सीत एकमेकींच्या मांडीवर बसून बाजार करतात. गाडी चांगली धडधाकट असताना ती झोपवायची कशाला, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. व्हिनेटनेही कधी विचारलं नव्हतं.

कुंपणापलीकडे शेजारीण मिस अर्लीन (आमच्याकडे लग्नानंतरही बाईला मिसच म्हणतात) हिच्या नवऱ्याची गाडीही ठोकळ्यांवरच होती. तिच्यावर भोपळ्याचा वेल चढला होता आणि मागच्या सीटवर एक कोंबडी बिनदिक्कत अंडी घालायची. अर्लीनचा नवरा कॅनडातल्या शेतावरून पळाला होता. टोरंटोत कुणा बाईकडे असतो, असं लोक म्हणायचे. अर्लीन मात्र दर रविवारी चर्चहून आली की गाडीची पुढची काच पुसायची.

व्हिनेटने पात बाजूला ठेवली आणि जवळ येऊन उभी राहिली. लिनव्हलने बोनेट उघडलं होतं. तो एकेक स्पार्क प्लग काढत होता.

"हे काय आता?"

"आत थोडं तेल सोडायचं. इंजिन जाम होत नाही."

"याआधी कधी सोडलं नव्हतंस."

"तू काय चौकशी अधिकारी आहेस का गं? जा, चहा टाक."

ती गेली नाही. खरं तर तिला मजाच वाटत होती. या माणसाला शर्टाचं बटण लावायला सांगितलं तरी दहा वेळा सांगावं लागतं, आणि गाडीपुढे कसा आईसारखा ओणवा होतो! त्याने काचा बोटभर खाली ठेवल्या, आत कुबट वास येऊ नये म्हणून. धुराच्या नळीत चिंध्या कोंबल्या, पाली शिरू नयेत म्हणून. वायपर उचलून त्यांच्याखाली कापड गुंडाळलं. एवढं सगळं दरवर्षीचंच होतं. मग त्याने ठोकळ्यांवर बसवलेल्या गाडीची चारही चाकं काढली, पुसली आणि घरात नेऊन पलंगाखाली सरकवली. हेही नवीन होतं.

"चाकं पलंगाखाली?"

"उन्हाने रबर तडकतं."

"आठ महिन्यांत?"

तो पुन्हा बोनेटमध्ये वाकून पाना शोधायला लागला, आणि पाना त्याच्या हातातच होता.

व्हिनेटला एकदम आठवलं. लग्नाआधी ती बेकरीची व्हॅन चालवायची. पहाटे गरम पाव भरून डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जायची. बेकरीचा म्हातारा मालक इंग्लंडला मुलाकडे गेला तेव्हा त्याने ती व्हॅन अशीच झोपवली होती. टाकी रिकामी केली होती, इंजिनात तेल सोडलं होतं, चाकं काढून आत ठेवली होती. म्हातारा पुन्हा आलाच नाही. इतका वेळ वाटणारी मजा कुठल्या कुठे गेली. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून स्वतःचा रागही आला.

"लिनव्हल."

"काय?"

"किती वर्षांसाठी चाललायस?"

तो बोनेटमध्ये वाकलेला होता तसाच राहिला. कुंपणापलीकडची कोंबडी ओरडायला लागली, तिचं ओरडून झालं, तरी तो वाकलेलाच.

"दोन," तो शेवटी म्हणाला. "फार तर तीन. एक ओळखीचा आहे, शेत सोडलं की बांधकामावर लावून देतो म्हणाला. कागदपत्रं झाली की तुला बोलावून घेणार, देवाशपथ."

"हे मला कधी सांगणार होतास?"

"तिकडून. फोनवर."

"का?"

"तिकडून सोपं गेलं असतं."

हे मात्र तो खरं बोलला. व्हिनेटला तेवढ्यासाठी त्याची कीवही आली. ती बोनेटला टेकून उभी राहिली आणि विचारत गेली. झोपणार कुठे? माहीत नाही. ओळखीचा म्हणजे कोण? एका ओळखीच्याचा ओळखीचा. आजारी पडलास तर? यावर त्याने खांदे उडवले. तिने एकदाही आवाज चढवला नाही. रडेल, ओरडेल, अंगावर भांडं फेकेल अशी त्याने मनात तयारी केलेली असावी. तिच्या प्रश्नांची तयारी त्याच्याकडे नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "जायचं तर जा. तुला काय मी दाव्याने बांधून ठेवणार? पण गाडी खाली घे."

"म्हणजे?"

"चाकं आण, लाव आणि खाली घे. मला पात बाजारात न्यायचीय."

"वेडी आहेस का? सवय मोडलीय तुझी! रस्ते कसे झालेत बघितलेस का?"

"डोंगरातनं बेकरीची व्हॅन आणायचे तेव्हा तू सायकलवर होतास, आणि माझी धूळ खायचास. आण चाकं."

"गावात लोक काय म्हणतील? नवरा बाहेर आणि गाडी रस्त्यावर?"

"मिस अर्लीनच्या गाडीला लोक काय म्हणतात, ते ऐकलंयस ना? मला आपल्या गाडीवर वेल नकोय."

लिनव्हलने पाना खाली ठेवला आणि तो चाकं आणायला आत गेला.

झोपवायला दुपार गेली होती, जागं करायला संध्याकाळ झाली. डब्यातलं पेट्रोल परत टाकीत गेलं, चिंध्या निघाल्या, प्लग बसले. व्हिनेटने सीट पुढे ओढली आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, मग सुरू झालं आणि आतलं तेल जळून निळ्या धुराचा असा लोट उठला की मिस अर्लीन हातातल्या ओल्या कपड्यांसकट धावत कुंपणापाशी आली.

"अगंबाई! पेटली की काय?"

"नाही, जागी झाली," व्हिनेट खिडकीतून ओरडली.

"म्हणजे लिनव्हल जात नाही यंदा?"

"जातोय की. गाडी नाही जात."

मिस अर्लीनने धुराकडे पाहिलं, लिनव्हलकडे पाहिलं, मग कपडे तसेच कुंपणावर टाकून खळखळून हसली. तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं. लिनव्हल मान खाली घालून जॅक पुसत राहिला.

निघायच्या दिवशी व्हिनेटच त्याला राजधानीला, किंग्स्टनला घेऊन गेली. वाटभर तो उजवा पाय दाबत होता, जणू ब्रेक त्याच्याच बाजूला आहे. "वळण आहे," म्हणायचा, आणि ती वळण घेऊन मोकळी झालेली असायची. मँडव्हिलच्या पुढे थांबून दोघांनी भाजलेला यामचा कंद आणि खारा मासा खाल्ला. बांधकामाच्या कामाचा विषय तिने काढला नाही. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा रस्त्याबद्दल काहीतरी बोलला.

कॅनडाला जाणारे लोक जमतात त्या फाटकाबाहेर गर्दी होती. टोप्या, पिशव्या, टॅक्सीवाल्यांशी घासाघीस. बायको गाडी चालवत सोडायला आलीय असा तो एकटाच. कुणीतरी मागून शीळ घातली. "काय लिनव्हल, बढती झाली वाटतं? ड्रायव्हर ठेवलास?"

तो नेहमीसारखा उलट बोलला नाही. बॅग खांद्यावर घेतली, फाटकापर्यंत गेला आणि परत आला. खिडकीच्या काठावर हात ठेवून उभा राहिला. व्हिनेटने इंजिन बंद केलं नव्हतं.

"यंदाची सफरचंदं संपली की," तो म्हणाला, "विमानतळावर न्यायला येशील?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"कुठल्या वारी येतोस त्यावर आहे. बाजाराच्या दिवशी मला जमणार नाही."

"बाजार कुठल्या वारी असतो?"

इतकी वर्षं तिच्या हातची पात खाऊन, तिच्या पातीच्या पैशावर घराचं छप्पर घालून तो हे विचारत होता. व्हिनेटला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"बुधवारी आणि शनिवारी," ती म्हणाली आणि गिअर टाकला.

"बुधवार, शनिवार," तो म्हणाला. गाडी हलली तरी तो फाटकाकडे वळला नव्हता. मागच्या आरशात त्याचे ओठ पुन्हा हलताना तिला दिसले.