डाग न सोडणारं तेल

“तपासणीच्या दोन तारखा चुकवल्यात. का?” डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

धाकटी बहीण पोट उघडं टाकून पडली होती, मी तिच्या उशाशी. पडद्यावर संत्र्याएवढं काळं काहीतरी दिसत होतं. आठ महिन्यांपूर्वी ते बोराएवढं होतं.

“दुखायचं थांबलं होतं,” धाकटी म्हणाली.

“मी तेल चोळत होते,” मी सांगून टाकलं. लपवून काय होणार होतं, डोंबल!

सुगंधी तेलांच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं माल पारखते. पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा, वाळू द्यायचा. डाग उरला तर भेसळ, नाही उरला तर माल पास. धाकटीच्या गर्भाशयाचं अस्तर आत भलत्याच जागी वाढतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात त्याला. दर महिन्याला ती गडाबडा लोळायची. लव्हेंडरच्या तेलाने आराम पडतो असं कानावर आलं, म्हणून मी ते तिळाच्या तेलात मिसळून रोज तिचं पोट चोळायला लागले. तिसऱ्या महिन्यात बाईसाहेब हसत कामावर गेल्या. दुखणं उरलं नाही ना, मग मी अतिशहाणीने तिलाही पास करून टाकलं! “कशाला उगाच दवाखान्याच्या चकरा?” हे माझेच शब्द.

“तेलांवर अभ्यास चालू आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला आराम पडला असेल, मी नाही म्हणत नाही. पण तेवढ्यावरून आतली गाठ गेली असं होत नाही. उजवं अंडाशय आता वाचेलसं वाटत नाही. डाव्याचं काय, ते ऑपरेशन करतानाच कळेल.”

सात वर्षं धाकटीला मूल हवंय. डाव्याबद्दल आणखी विचारायचं सोडून मी तिच्या पोटावरचा जेल पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या तयारीला सिस्टर आल्या. “पोटाला तेलबिल आहे वाटतं? साबणाने स्वच्छ धुऊन आणा.”

न्हाणीघरात आम्ही दोघीच.

“शिव्या घाल ना मला,” मी म्हटलं.

“वेडी आहेस का, ताई? इतके महिने माणसासारखी झोपले मी.” मग तिचा आवाज एकदम चिरकला. “पण मला खूप भीती वाटतेय गं.”

मलाही वाटत होती. थोरलीने म्हणायचं असतं, काही होणार नाही. मी नुसता नळ सोडला आणि साबण ओला केला.

साबण माझ्या हातातून दोनदा निसटला. दुसऱ्यांदा तिनेच तो वाकून उचलला, माझ्या हातात दिला आणि दवाखान्याचा झगा वर धरून उभी राहिली.