चुकलेला धागा

"आजी, एकदा तरी चूक ना," नात कॅमेऱ्यामागून म्हणाली.

मी कोटाच्या बाहीत सुई तशीच ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. रफू करण्यात माझी हयात गेली. मुद्दाम चुकायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नात मानसशास्त्र शिकलेली. कधीच न चुकणाऱ्याला लोक मान देऊन पुढे जातात, चुकणाऱ्यापाशी मात्र थांबतात, असं तिचं म्हणणं. व्हिडिओत 'सबस्क्राइब करा' हे सुरुवातीलाच बोलायचं नाही. तोवर आपण त्यांना काही दिलेलं नसतं. भोक बुजत आलं, बघणारा रंगला, की बोलायचं. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या दुकानात सासूबाई गिऱ्हाइकाला बसवून घेत आणि आधी त्याच्याकडूनच सुई ओवून घेत. ज्याने सुई ओवली, तो पुन्हा आमच्याकडेच यायचा. हे सांगितलं तेव्हा नात हसून म्हणाली, "म्हणजे पणजी माझ्याच वर्गातली."

पण मला आता गिऱ्हाईक नको होतं. नजरेचा मधला भागच विरत चाललाय, सुई फार दिवस धरता येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलाने हे काम कधी शिकून घेतलं नाही, सुनेला धीर नाही आणि नातीने साधं बटण लावलं तरी ते लोंबतं. माझ्यानंतर हे येणारं एक तरी माणूस हवं होतं. नात म्हणायची, शिकणारा हजारांत एखादा निघतो, मला आधी ते हजार गोळा करू दे.

"गोळा कर," मी म्हटलं, "पण मुद्दाम चुकणार नाही. कापडाशी खोटेपणा मला जमायचा नाही."

"बरं बाई, राहिलं."

बाही पुरी झाली. भोक बुजता बुजता मी तिचं ते 'सबस्क्राइब करा'ही ठसक्यात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फोन घेऊन आली. व्हिडिओखालची एक ओळ वाचून दाखवली. कुणा बाईने लिहिलं होतं, "आजी, शेवटून तिसऱ्या ओळीत आडवा धागा वरून गेलाय. तो खालून हवा होता ना?"

मी कोट मागवला आणि बाहीवरून नख फिरवलं. धागा खरंच चुकला होता. मला तो दिसलाच नव्हता.

"आजी, व्हिडिओतला तेवढा भाग कापून टाकू?"

"हात लावू नकोस. एवढं बारीक बघणारी ही कोण, ते विचार आधी."

ती एक नर्स निघाली. जेवणाच्या सुट्टीत माझे व्हिडिओ बघून जुन्या गणवेशावर हात बसवत होती. त्या चुकलेल्या धाग्यावरून लोक आपसात भांडू लागले, सबस्क्राइब करणारे भराभर वाढले. नात आकडे सांगत होती. मी विचारत होते, नर्सबाई काय म्हणतेय? तिला सांग, धागा ओढू नकोस, त्याला आपला आपण बसू दे.

पुढे तिचा फोटो आला. गणवेशाचा खिसा फाटला होता, तो तिने रफू केला होता. मी फोन जवळ धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. फाटलं होतं कुठे, ते मला सापडेना.

फोन नातीकडे दिला. "तुला दिसतंय का गं कुठे?"

तिने चित्र मोठं करून बराच वेळ पाहिलं.

"नाही, आजी."

"मग कळव तिला, जमलं म्हणून."