हलू नकोस

पैलवानाने मास्तरांच्या थोबाडीत दुसरी ठेवून दिली, तेव्हा चष्मा म्हणतात तो पोरगा खाली बसून त्यांच्या मांडीचा सुरक्षापट्टा आवळत होता. मास्तरांचं डोकं मागच्या लोखंडी खांबावर आपटलं, ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. चष्म्याने मान वर न करता बकल दोनदा ओढून पाहिलं आणि मग तो दुसऱ्या मांडीकडे वळला.

"छातीचा लावलास?" पैलवानाने विचारलं.

"लावला."

"परत बघ. पडून मेला तर आपल्या अंगाशी येईल."

तिघेही मास्तरांच्याच हाताखालून गेलेले. पवनचक्कीवर चढून दुरुस्ती करणारी माणसं इथे तयार व्हायची. केंद्र कुणा संस्थेचं होतं, पण शिकवायला, ओरडायला आणि पास-नापास ठरवायला मास्तर एकटेच. पैलवान अंगाने आडवा म्हणून पैलवान, चष्मा त्याच्या चष्म्यामुळे चष्मा. ही नावंही त्यांनीच पाडलेली. तिसरा थोरला. तो आणि त्याचा भाऊ एकाच तुकडीत होते, त्यामुळे हजेरीलासुद्धा थोरला आणि धाकटा एवढं म्हटलं की भागायचं. आज धाकटा बरोबर नव्हता. थोरला हत्यारांच्या पेटीवर, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. आल्यापासून त्याने ना हात उचलला होता ना तोंड उघडलं होतं, आणि मास्तरांना बाकी दोघांपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

सुट्टीची दुपार होती. मास्तर एकटेच गंज चढलेल्या आकड्यांना तेल द्यायला आले होते. आत शिरताच पैलवानाने त्यांचा फोन हिसकावून बुटाखाली घेतला, आणि पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की ओरडायचंही त्यांना सुचलं नाही. आता सरावाच्या मनोऱ्यावरून खाली आलेली पोलादी तार त्यांच्या पाठीवरच्या कड्यात अडकली होती. पैलवान तार गुंडाळायच्या विंचपाशी गेला, हातांवर थुंकला आणि दांडा फिरवू लागला.

मास्तरांचे पाय फरशीवरून सुटले. सगळं वजन मांड्यांमधल्या पट्ट्यांवर आलं आणि त्यांच्या तोंडून एक बारीक, लाज आणणारा आवाज निघाला.

"बघा सर!" पैलवान दांडा फिरवत ओरडला. "मागणी कशी वर चाललीये!"

चष्मा खो खो हसला. हसण्यासारखं होतंच. पहिल्या तासाला मास्तर फळ्यावर एक रेघ काढायचे, डावीकडून निघून उजवीकडे वर चढत जाणारी. ही तुमच्या नोकऱ्यांची मागणी, असं म्हणायचे, आणि खडू फळ्याच्या बाहेर भिंतीवर नेऊन ठेवायचे. पोरं टाळ्या वाजवायची. या तिघांच्या वर्षी तर खरोखरच टाळ्यांचे दिवस होते. कंपन्यांची माणसं फाटकाशी खुर्च्या टाकून बसत, चढता येतं का एवढंच विचारत आणि नेमणुकीची पत्रं वाटत. माणसं लवकर द्या, माणसं लवकर द्या, असा त्यांचा धोशा. मग अभ्यासक्रम निम्म्यावर आला. चढायचं कसं ते ठेवलं, बोल्ट आवळायचे कसे ते ठेवलं. अडकलेल्या माणसाला खाली आणायचं कसं, हा शेवटचा आठवडा गाळला. पुढे कंपनी शिकवेल, असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं होतं आणि त्यावर निवांत झोपलेही होते. पुढे वारा फिरला. बाजारात पवनचक्क्यांऐवजी बॅटऱ्यांचं वेड आलं, अर्ध्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. गेल्या तुकडीला तीन पोरं आली आणि त्यातला एक मधेच सोडून गेला.

पैलवानाने दांडा सोडला. मास्तरांचे पाय खाली उभ्या माणसाच्या छातीपाशी लोंबत होते. त्याने कोपऱ्यातला पाइप उचलला आणि त्यांच्या नडगीवर हाणला.

"हे माझ्या घराच्या हप्त्याचं."

दुसरा फटका घोट्यावर बसला. मास्तर तारेवर गरकन फिरले आणि त्यांची पाठ झाली, तेव्हा तिसरा फटका पोटरीवर आला.

"अरे ऐक! ऐक माझं!" त्यांना श्वास पुरत नव्हता. "बॅटरीचा कारखाना निघतोय. भरती आहे, मोठी. मी शब्द टाकतो तुमच्यासाठी. तिघांसाठी."

हे बोलायला नको होतं. पैलवानाचा चेहरा एकदम पोरासारखा झाला, रडू येण्याआधी होतो तसा, आणि मग तो पिसाळला. मास्तर फिरत होते म्हणून पाइप नेमका लागेना, त्यामुळे त्याने तो विंचवर चालवला. एक घाव, दोन, तीन. दात्यांची चकती वाकली, खटका उडून भिंतीवर आदळला. चष्म्याने त्याला मागून कव घातली.

"बस कर! बास झालं. उतरव आता त्यांना. जाऊ."

पैलवान धापा टाकत दांड्याला लटकला. दांडा हलेना. दोघांनी मिळून जोर लावला, तरी दांडा होता तिथेच.

"अडकलं," चष्मा म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण लगेच स्वतःची समजूत घातल्यासारखा तो पुढे बोलला, "राहू दे. पट्ट्यात आहेत, पडणार थोडेच. उद्या कुणीतरी येईल."

मास्तरांच्या मांड्यांना मुंग्या येऊन गेल्या होत्या आणि आता त्या जागी काहीच राहिलं नव्हतं. त्यांना नीट माहीत होतं ते काय असतं. मांड्यांचे पट्टे रुततात, पाय निवांत लोंबतात, आणि खाली गेलेलं रक्त वर यायचं विसरतं; पाय हलत राहिले तरच ते वर चढतं. ते पाय हलवू लागले. दुखऱ्या नडग्यांनी, फुटलेल्या घोट्याने, हवेतल्या हवेत सायकल मारल्यासारखे. प्रत्येक वळणाला डोळ्यांत पाणी येत होतं.

"उद्यापर्यंत मी राहत नाही," ते म्हणाले. "पडून नाही रे मरत माणूस यात. लटकून मरतो."

पेटीचं झाकण वाजलं. थोरला उठून उभा राहिला होता.

"शिडी आणा," तो दोघांना म्हणाला. "मागच्या गोदामात आहे. पट्टे कापायला काहीतरी बघा."

"गोदामाला कुलूप आहे."

"फोडा."

दोघे पळाले. मागून पाइपचे घाव कुलपावर पडायला लागले. मास्तरांना हायसं वाटलं. तू जरा माझ्या पायांखाली ये, मला खांदा दे, हे त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण थोरला त्यांच्यासमोर येऊन थांबला आणि त्यांच्या पायांकडे बघत म्हणाला,

"लटकून कसा मरतो?"

"तू आधी..."

"धाकटा गेला, सर. तुम्हाला माहीतच असेल."

मास्तरांना माहीत नव्हतं. म्हणजे पेपरात दोन ओळी त्यांनी वाचल्या होत्या. पवनचक्कीवरच्या कामगाराचा हृदयविकाराने मृत्यू. नाव छापलं नव्हतं, त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं, आणि पान उलटलं होतं.

"धाकटा?" ते म्हणाले. "आपला धाकटा?"

"पाय सटकला त्याचा. दोराने धरलं. लागलंसुद्धा नव्हतं त्याला, हसत होता. वरून म्हणतो कसा, दादा, फोटो काढ." थोरला हे सगळं एका सुरात, पाठ केल्यासारखं सांगत होता. "मी शिडीवर, त्याच्याशी बोलता येईल इतक्या जवळ. पण हात पुरत नव्हता. खाली कळवलं. ते म्हणाले, माणसं निघालीत. मग तो पाय झाडायला लागला. दोर वर पत्र्याच्या कडेला घासत होता, सर. मला दिसत होतं घासताना. मी म्हणालो, हलू नकोस. अजिबात हलू नकोस, शांत राहा."

मागे कुलूप निखळल्याचा आवाज झाला आणि दार करकरलं.

"राहिला तो शांत. माझं कधी मोडायचा नाही. मी बोलत होतो, घरचं, आईचं, काहीबाही. तो काही बोलेना. मला वाटलं, ऐकतोय."

मास्तरांचे पाय चालूच होते. ते चालू आहेत हे त्यांना आत्ता एकदम जाणवलं, आणि थोरल्याची नजर केव्हापासून कुठे आहे हेही.

"तुम्ही पाय का हलवताय?" थोरल्याने विचारलं.

इतक्या वर्षांत मास्तरांना असा प्रश्न कुणी केला नव्हता. उत्तर सोपं होतं, एका वाक्याचं, फळ्यावर लिहून देता येईल असं. ते गिळताना त्यांच्या घशाशी रक्ताची चव आली.

"भीती वाटते म्हणून," ते म्हणाले.

"हलवल्याने काय होतं?"

"काही नाही होत."

"तो हलला असता तर?"

"काही फरक पडला नसता. हृदयच कमजोर असणार त्याचं. डॉक्टर खोटं कशाला लिहील?" बोलता बोलता त्यांना कळलं की या एका थापेने थोरला सुटतो तसे तेही सुटतात, तो गाळलेला आठवडाही सुटतो. त्यांना स्वतःची किळस आली. पण शब्द बाहेर पडून गेले होते, आणि मागे घ्यायचे तर समोरचा माणूस उभ्या जागी मोडला असता. त्यांनी पाय थांबवले.

थोरला पुढे आला. त्याने मास्तरांचे दोन्ही पाय कवेत घेतले आणि गुडघ्यांपाशी करकचून आवळले.

"मग धरतो मी," तो म्हणाला. "फरक पडत नाही ना?"

त्याचं डोकं त्यांच्या गुडघ्यांवर दाबलेलं होतं, केसांत घाम होता. त्याने पायांना आधार दिलेला नव्हता, उलट खालीच ओढून धरलं होतं, आणि पट्टे हाडापर्यंत रुतत होते. गोदामात काहीतरी जड कोसळलं, चष्म्याने शिवी हासडली. शिडी ढिगाऱ्याखाली असणार. ती मास्तरांनीच तिथे ढकलून दिली होती.

"बोला," थोरला म्हणाला. "खरं काय ते बोला, सोडतो."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. अंगावर गार घाम सुटला. मनोऱ्याचे आडवे बार एकमेकांत मिसळू लागले, कानांत लांबून यंत्र चालल्यासारखी घरघर सुरू झाली. एवढं तरी आपण या पोराला देणं लागतो, असं त्यांना अगदी स्वच्छ वाटलं आणि बरंही वाटलं. त्यांना मरायचं नव्हतं. घरी बायको चहाला थांबली असेल हे आठवून ते कासावीस झाले. तरी त्यांनी दात घट्ट मिटून धरले.

"बोला ना, सर!" थोरला ओरडला आणि त्याने कपाळ त्यांच्या नडगीवर आपटलं, फुटलेल्या जागीच. "बोला!"

मास्तर नाही बोलले. पण त्यांच्या पायांना कुणी काही सांगितलं नव्हतं. डोळ्यांपुढचा उजेड गोळा होऊन एका ठिपक्याएवढा उरला, तसा उजवा पाय त्या मिठीतच एकदा उचलला गेला. मग डावा. पाण्यात बुडणारं जनावर धडपडेल तसे दोन्ही पाय वर येऊ पाहत होते, त्यांची मर्जी न विचारता, सगळ्या ताकदीने.

थोरल्याने ते धरून ठेवले. त्याच्या छातीवर, गालावर ते धडका देत होते आणि तो धरून राहिला, आणि मग त्याच्या हातांतला जोर हळूहळू गेला. त्याने मान वर केली. मास्तरांना त्याचा चेहरा धूसर दिसला, पण तोंड उघडं होतं एवढं दिसलं.

मग तो खाली वाकला आणि त्यांच्या पायांखाली शिरला. मास्तरांच्या तळव्यांना आधी एक खांदा लागला, मग दुसरा. थोरला गुडघ्यांवर हात देऊन उठू लागला. पट्टे सैल झाले आणि मांड्यांमधून आग धावत वर आली. मास्तर किंचाळले. खांदे थरथरत होते, हुंदक्यांनी की ओझ्याने ते त्यांना वरून कळत नव्हतं.

"हलवा, सर," तो खालून म्हणाला. "हलवत राहा."