पंच नंबर दोन

शांतवनला टीव्ही दुरुस्त करता यायचा, गप्प बसता यायचं नाही. सगळी भानगड तिथंच झाली.

कर्जत-जामखेड रस्त्यावरच्या एका फाट्यावर त्याचं दुकान. खिशात कायम एक पेनड्राइव्ह. कुणाचाही टीव्ही दुरुस्त झाला की तो चालतो का नाही हे बघायला हा गडी एकच एपिसोड लावायचा, ‘तपास चालू’ मालिकेचा एकशे सत्तेचाळिसावा. त्यामुळं आसपासच्या प्रत्येक घरानं त्या एपिसोडची निदान दहा मिनिटं पाहिलेली. “चित्र बघा, आवाज बघा,” म्हणता म्हणता स्वतःच मांडी घालून बसायचा. त्याची बायको कृपा म्हणायची, “अहो, दुरुस्तीला जाता का शिनिमाला?”

पण एपिसोड होताच तसा. चोरीची केस, आणि त्यात एक म्हातारा फुलवाला, पंच नंबर दोन. पंच म्हणजे पंचनाम्याच्या वेळी पोलीस साक्षीला उभा करतात तो बाहेरचा माणूस. म्हाताऱ्यानं काही न बघता सही ठोकलेली असते. कोर्टात विचारतात तेव्हा तो पाणी मागतो. ग्लास हातात घेतो आणि पीतच नाही. पुरतं एक मिनिट संगीत नाही, इन्स्पेक्टरची एंट्री नाही, कॅमेरा नुसता म्हाताऱ्याच्या तुटक्या चपलेवर. मग तो म्हणतो, मी काहीच बघितलं नव्हतं. “बाकीच्या शिरेलीत पळापळ असती,” शांतवन सांगायचा, “हितं मानूस नुसता हुबा हाय, आन घाम आपल्याला फुटतो!” खोटं नव्हतं ते. ज्यानं कुणी लिहिलं त्याला मानलं पाहिजे.

आणि एवढी पारायणं करून पठ्ठ्यानं काय करावं?

दोन वर्षांपूर्वी पोलीस चौकीतली डिश बंद पडली म्हणून जमादारानं त्याला बोलावलं. डिश चालू झाली. व्हरांड्यात पाण्याची एक मोटार पडली होती, गावातले बडे बागायतदार आबासाहेब यांच्या विहिरीवरनं चोरीला गेलेली. जमादार म्हणाला, “आलाच हायस तर पंच म्हनून सही कर. रामहरीनं कडब्याच्या गंजीतनं मोटार काढून दिली, एवढंच लिवलंय.” रामहरी म्हणजे आबासाहेबांचाच सालगडी. शांतवननं ना गंजी बघितली होती, ना त्या दिवशी रामहरीचं तोंड. पण पंच! आणि तोही नंबर दोन! भुलला की गडी. सही अशी झोकात केली की जमादार म्हणाला, “लग्नाच्या रजिस्टरवर करतुयास का रं?”

तिथं थांबता तरी निभावलं असतं. पण जिभेला हाड नसतं. संध्याकाळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर माणसं जमली आणि ह्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. “मी सोता हुतो तिथं! रामहरीनं गंजीत हात घातला, हात असे थरथरत हुते. एक पेंढी खाली पडली आन आत मोटारीचं लोखंड चमाकलं!” ते चमकणं त्याच मालिकेच्या बासष्टाव्या एपिसोडमधलं, पण विचारतो कोण? लोकांनी तीन-तीनदा सांगायला लावलं आणि दर वेळी रामहरीचे हात जास्तच थरथरले. गोष्ट गावात अशी मुरली की रामहरी जामिनावर सुटून आला तरी त्याला कुणी कामावर घेईना. शाळेतली पोरं त्याच्या पोरीला ‘मोटार’ म्हणून हाक मारायला लागली.

आता समन्स आलं होतं. गुरुवारी साक्ष.

सोमवारपासून शांतवनचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुकान उघडायचा, बंद करायचा, परत उघडायचा. एका रिमोटमध्ये सेल उलटे घातले आणि अर्धा तास सर्किट तपासत बसला. मंगळवारी जमादार येऊन सांगून गेला, “लिवलंय तेवढंच बोलायचं. पयला पंच शान्यावानी बोलून गेला.” जाता जाता दुकानाच्या भिंतीवर थाप मारली. गाळा आबासाहेबांचा होता, हे काही त्यानं बोलून दाखवलं नाही.

“खरं असंल ते बोला,” कृपा म्हणाली.

“खरं बोललो तर गाव तोंडावर थुकंल. दोन वर्सं काय काय सांगितलंय मी.”

“मग ज्याच्यावर आत्ता थुकतंय त्याचं काय?”

त्यानं ताट सरकवलं आणि उठून उगाच डिशची छत्री पुसत बसला.

बुधवारी दुपारी फोन आला. “टीव्ही बंद पडलाय, भाऊ. येता का?” रामहरीची बायको सविता. नाही म्हणायला जीभ वळेना. गेला. रामहरी घरी नव्हता, काम शोधायला लांब कुठंतरी गेला होता. टीव्हीच्या मागं बघितलं तर वायर नुसती उपसून ठेवलेली. त्यानं ती खोचली. चित्र आलं.

“झालं, वहिनी.”

“असं कसं? तुमी ते लावून बघता ना. लावा की.”

“चालतोय की टीव्ही.”

“लावा. आमच्याकडं कवाच पुरा झाला न्हाई.”

लावला. आयुष्यात पहिल्यांदा शांतवनला तो एपिसोड लांबला असं वाटलं. सविता दाराला टेकून उभी. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं, ग्लास घेतला, चपलेवर कॅमेरा गेला. एरवी शांतवन इथं म्हणायचा, “आता बघा!” आज त्याची नजर स्वतःच्या पायांवर होती. म्हातारा बोलला, न्यायाधीशानं चष्मा काढला, शेवटच्या नावांच्या पाट्या पडायला लागल्या.

“लई चांगलं हाय,” सविता म्हणाली. “मानूस खराच वाटतो. पर भाऊ, ह्यो म्हातारा कोर्टात यायच्या आदी गावात काय सांगत हुता, ते दावलंय का ह्याच्यात?”

“न्हाई.”

“ते दावाया पायजे हुतं.”

तिनं चहा केला नाही आणि त्यानंही वाट बघितली नाही. पेनड्राइव्ह टीव्हीलाच राहिला हे दुकानात आल्यावर ध्यानात आलं. परत जाऊन मागायची छाती झाली नाही.

गुरुवारी कोर्टात भाषण तयार होतं. रात्रभर घोकलेलं, थेट म्हाताऱ्याच्या चालीवर. नाव पुकारलं, शपथ झाली, सरकारी वकिलांनी विचारलं, “आरोपीनं मोटार तुमच्यासमोर काढून दिली का?” शांतवन म्हणाला, “पानी मिळंल का?”

“माठ बाहेर आहे,” शिपाई म्हणाला.

झालं. ग्लासच नाही म्हटल्यावर भाषण कुठलं आठवतंय!

“मी तिथं नव्हतो.”

“मोठ्यानं बोला,” न्यायाधीश म्हणाले. “लिहून घ्यायचंय.”

“मी तिथं नव्हतो, साहेब. मी गंजी बघितली न्हाई. मोटार चौकीतच पडली हुती. डिश दुरुस्त करायला गेल्तो, तिथंच सही केली.”

वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं आणि धारेवर धरलं. कुणाचा दबाव आहे? आरोपीच्या घरी काल गेला होता की नाही? गेलो होतो. कशाला? टीव्ही दुरुस्त करायला. कोर्टात कुणीतरी हसलं.

“मग दोन वर्षं गप्प का बसलात?”

“गप कुठं बसलो, साहेब,” शांतवन म्हणाला. “बसलो असतो तर बरं झालं असतं.”

हे मात्र कुणी लिहून घेतलं नाही. पुढची तारीख पडली.

बाहेर जमादार तोंड फिरवून गेला. रामहरी लिंबाखाली उभा होता. शांतवनला वाटलं, हा आता येऊन हात धरील. तो जागचा हलला नाही. सविता आली. तिनं पदराच्या गाठीतनं पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला.

“हितं धा मानसं बी नव्हती, भाऊ,” ती म्हणाली. “टपरीवर किती हुती?”

शांतवन परतला तेव्हा टपरी भरलेली होती. तो आधी दुकानाच्या दारापर्यंत गेला. कुलपाला हात लावला. मग फिरला आणि रस्ता ओलांडून टपरीत जाऊन उभा राहिला.

“आला आमचा पंच!” टपरीवाला ओरडला. “सांग, काय झालं कोर्टात? बस की.”

“बसत न्हाई. मी तिथं नव्हतो.”

“कुठं? कोर्टात?”

“गंजीपाशी. मोटार कुनी चोरली, कुनी काढली, मला ठावं न्हाई. मी काईच बघितलं न्हाई. तुमास्नी सांगितलं ते समदं खोटं.”

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कोपऱ्यातला एक जण ही गोष्ट पोरांना नकलेसकट करून दाखवायचा. त्याला काही केल्या ते पटेना.

“आरं पर त्याचं हात?” तो म्हणाला. “रामहरीचं हात थरथरत हुतं, तू सोता बघितलंस न्हवं?”

“ते बी मीच थरथरवले,” शांतवन म्हणाला.