मुळीची साल

मी डाळिंबाचं झाड बोलतंय, वडगावातल्या सिद्राम विणकराच्या परसातलं. पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसं होतं. सोमवारी सकाळी कुणीतरी खुरपं घेऊन माझ्यापाशी बसलं आणि वर बघितलंच नाही. फळझाडाकडे आलेला माणूस आधी वर बघतो. हे हात मात्र थेट बुंध्याशी माती उकरायला लागले.

हात अक्काताईचे होते. सिद्रामची थोरली बहीण. सिद्रामची बायको माहेरी लोंढ्याला गेली म्हणून चार दिवस स्वयंपाकाला निपाणीहून आलेली. बोटाएवढ्या मुळीची साल तिनं खरवडून ओच्यात घेतली, माती पुन्हा थोपटली आणि आत गेली. दुखलं हे खरंच. पण दुखण्यापेक्षा धास्ती जास्त वाटली. मुळीशी काय काम असेल हिचं?

राजी, म्हणजे सिद्रामची लेक राजेश्वरी, आणि मी बरोबरीचे. ती पोटात असताना तिच्या आईला डाळिंबाचे डोहाळे लागले होते. तिनं चघळून टाकलेल्या बियांतली एक मी. शेळीनं दोनदा खुडलं, तेव्हा सिद्रामनं मोडक्या मागाच्या फळ्या ठोकून मला कुंपण केलं. राजी त्या फळ्यांना धरूनच उभं राहायला शिकली.

पोर भित्री. कुकरच्या शिट्टीला दचकते, पाल चुकचुकली तरी दचकते. फक्त मागाला दचकत नाही. घरात दोन माग दिवसभर खटखटतात, त्या आवाजात ती पाळण्यात गाढ झोपायची. माग थांबला की मात्र दचकून उठायची. आता कॉलेज संपलं तरी तसंच आहे.

मधली बरीच वर्षं मला कुणी विचारत नव्हतं. धुण्याचं पाणी मिळायचं, तेवढंच. मग यंदा सिद्रामच्या लिव्हरवर चरबी निघाली. टिळकवाडीच्या डॉक्टर विनोदिनीबाईंनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, गोड-तेलकट बंद केलं. उठता उठता म्हणाल्या, "फळात डाळिंब चालेल हं."

त्या एका वाक्यानं माझा मान वाढला. राजी माझ्या फळांना खारींच्या भीतीनं फडकी बांधायला लागली. परवाच्या रविवारी तर तिनं मागापाशी उभं राहून मोबाइलवरचं मोठ्यानं वाचलं. मागाची खिडकी परसात उघडते, मला सगळं ऐकू येतं.

"काही अभ्यासांत रोज डाळिंबाचा रस घेणाऱ्या माणसांच्या लिव्हरचे आकडे थोडे उतरले, आप्पा!"

सिद्राम खूश झाला आणि त्यानं माग चालू केला. पुढचं वाक्य असं होतं की अभ्यास लहान आहेत, रस म्हणजे औषध नव्हे, गोळ्या सोडू नयेत. राजीनं तेही वाचलं. पण विणकराला समोरच्याचे ओठ बघून बोलणं कळतं, आणि सिद्रामचे डोळे तेव्हा धाग्यावर होते. खटखटाटात ते वाक्य विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी, त्या सोमवारी सकाळी, राजी बाहेर गेल्यावर भाऊ-बहिणीचं ठरलं.

"फळानं एवढा गुण येतोय, तर मुळीनं किती यील!" अक्काताई म्हणाली. "ल्हानपणी तुझं जंत कशानं पडलंतं, इसरलास व्हय?"

"तर! मग त्या गोळ्या कशाला गं आक्का?"

तीन दिवस काढा उकळला, गोळ्या डबीतच राहिल्या. त्याचा उग्र वास खिडकीतून माझ्यापर्यंत यायचा, आणि माझाच वास मला नकोसा व्हायचा.

आज गुरुवार. दुपारी एक माग थांबला. लगेच दुसराही. वाळत घातलेलं लुगडं राजीच्या हातातून खाली पडलं.

सिद्राम भिंत धरत दारात आला. "राजी, एका धाग्याचं दोन दिसायल्यात गं." एवढं बोलला आणि उंबऱ्यातच ओकला.

"आत्ती! आप्पाला काय दिलतंस?"

"डाळिंबच की! तुझ्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय न्हवं? त्याचाच काढा."

राजीच्या चेहऱ्यावरची भीती जरा उतरली. डाळिंब म्हणजे बरंच की, असं तिला वाटलं. माझा जीव तिथं उडाला! शेजारच्या यल्लाप्पाला तिनं रिक्षा काढायला सांगितलं, सिद्रामला खुर्चीत बसवलं आणि माझ्या बुडाशी येऊन डॉक्टरांना फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. काय सांगायचं ते ती पुटपुटत होती, "डाळिंबाचा काढा घेतलाय, चक्कर आहे..."

अर्धंच, पोरी. परत अर्धंच!

मला तोंड नाही. होतं ते एक फूल, देठाशी सैल झालेलं. ते सोडून दिलं. तिच्या पायावर पडलं आणि ती किंचाळून मागं सरली. खाली बघितलं, तर उकरून थोपटलेली माती दिसली. तिनं ती बोटांनी बाजूला केली. सोललेली मुळी उघडी पडली.

"आत्ती, ही साल घातलीस? मुळीची?"

अक्काताईनं पदर तोंडाला लावला. "फोनवर सांगू नको गं. झाडपाल्याचं नाव घेतलं की डॉक्टर अंगावर येत्यात. मी वाईटासाठी दिलंय व्हय?"

"न्हाय गं आत्ती. पण सांगितलं न्हाय तर त्यांना कळायचं कसं?"

आतून सिद्राम म्हणतोय, "रिक्षा कशाला रं यल्लाप्पा, सणाची साडी मागावर हाय." आणि पुन्हा ओकतोय.

राजी पाचव्यांदा फोन लावते आहे. दुसऱ्या हातानं तिनं माझी फांदी घट्ट धरली आहे, लहानपणी फळी धरायची तशी. पोरी, माझी भीड धरू नको. दाणे माझे, सालही माझीच. दाणे सोसले म्हणून साल सोसेल असं नाही. तीन दिवस घेतली हे सांग, गोळ्या बंद आहेत तेही सांग. मला उपटून टाका म्हणाले तरी चालेल, पण या वेळी शेवटपर्यंत सांग.

रिंग थांबली.

"हॅलो, डॉक्टर विनोदिनी बोलतेय. बोला."

दोन्ही माग बंद आहेत. राजीनं श्वास घेतला. "मुळीची साल," ती म्हणाली.