मधल्या खोलीतली शिट्टी

नेरेइदानं स्टेथोस्कोप यारेलिसच्या पाठीवर टेकवला. सात वर्षांची पोर डोळे मिटून पडली होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती. पण बरगड्यांखाली हवा मोकळी ये-जा करत होती. शिट्टी होती ती फक्त गळ्यात.

नेरेइदा घरोघर जाऊन दमेकरी मुलं तपासणारी नर्स. अमेरिकेतल्या होल्योक गावाच्या या गल्ल्यांत तिला कामाची कधी ददात पडली नाही. इथं मात्र तिचं डोकं चालत नव्हतं. भिंतींना ओल नाही, उशांना खोळी आहेत, दम्याचा पंप नीट घेतला जातो, नंतर चूळही भरली जाते. तरी यारेलिसची आई, मिग्दालिया, दवाखान्यात सांगायची की रोज रात्री शिट्टी वाजते. डॉक्टर आता गोळ्या सुरू करणार होते, पोरीची वाढ खुंटवणाऱ्या.

"जीभ बाहेर काढ, आणि कुत्र्यासारखी धाप टाक बघू."

शिट्टी थांबली.

"गळ्यातून अशी शिट्टी वाजवायला कुणी शिकवलं गं?"

यारेलिसनं भिंतीकडच्या दुसऱ्या पलंगाकडे पाहिलं. त्यावरची चादर ताणून बसवलेली होती.

"एफ्राइनची अशीच वाजायची. दादा गेला त्या रात्री ती थांबली, तर आईला वाटलं त्याला बरं वाटलं. आता मी गप्प झोपले की आई रात्रभर माझ्या नाकाशी बोट धरते. मी वाजवलं की झोपते."

शिट्टी थांबली म्हणजे आराम पडला असं समजू नका, कधीकधी आत हवाच जात नसते, हे नेरेइदा दारोदार सांगत फिरायची. या दारी ती उशिरा पोचली होती.

स्वयंपाकघरात मिग्दालिया कॉफी गाळत होती.

"बाई, पोरीची छाती साफ आहे. शिट्टी ती मुद्दाम वाजवते. लांडगा आला रे आला, असं व्हायचं. उद्या खरंच दम लागला तर कळणार कसं?"

"मला कळेल. तिची शिट्टी जाड असते." मिग्दालिया वळली नाही. "ही त्याची आहे."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या रात्री उठून त्याच्या पलंगाशी गेले. नंतर नाही गेले. पडून ऐकत राहायचे."

"आणि गोळ्या?"

"डॉक्टर विचारायचे, वाजते का. वाजते म्हटलं. खोटं कुठं बोलले?"

"गोळ्या ती गिळणार आहे, मिग्दालिया. तो नाही."

मधल्या खोलीत शिट्टी पुन्हा सुरू झाली, बारीक, एकसारखी. मिग्दालियानं डोळे मिटले. कॉफीवर साय धरली तरी ती ऐकत उभीच होती. मग ती आत गेली आणि तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"पुरे, यारेलिस. गप्प झोप आता. मी जागी राहीन."

खोली शांत झाली. मिग्दालिया दोन पलंगांच्या मध्ये जमिनीवर बसली आणि तिनं लेकीच्या पाठीला कान लावला.